वकील एल्फिन्स्टन

‘वकील’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. काळा कोट घालून न्यायालयात बाजू मांडणारा तो वकील, असे तुम्ही लगेच सांगाल. पण दोनशे वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ वेगळा होता. एका राजाने दुसऱ्या राजाच्या दरबारी कायम राहण्यासाठी पाठवलेला माणूस म्हणजे वकील. तुम्ही उर्दूत त्याला ‘सफीर’ म्हणता. आजच्या मराठीत त्याला राजदूत म्हणतात. त्याच्या कचेरीला मात्र मराठीत अजूनही ‘वकिलात’ हाच शब्द आहे. तुमचा शब्द ‘सिफारत’. मराठीतील वकील, दरबार, खलिता, हरकारा, अखबार हे सारे शब्द तुमच्या घरातले आहेत. त्यामुळे आजचा धडा तुम्हांला अवघड वाटू नये.

हा धडा एका वकिलाचा आहे. नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारात ते इंग्रजांचे वकील होते. इंग्रज या पदाला ‘रेसिडेंट’ म्हणत. तेव्हा आपला चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, भोसल्यांच्या राज्यात होता. वैरागड आणि गडचिरोलीचा भागही चांद्याबरोबर त्याच राज्यात होता. म्हणून ही गोष्ट आपल्या गावांचीही आहे. त्या वकिलांचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. नाव लांब आहे. जुन्या मराठी कागदांत ते ‘अल्पिष्टन’ असे भेटते.

एल्फिन्स्टन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. घराणे सरदारांचे होते, पण ते धाकट्या मुलांपैकी होते. वडिलांची पदवी थोरल्या मुलाला मिळणार. धाकट्यांनी आपले पोट आपणच भरायचे, अशी तिकडची रीत होती. ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी मिळाली आणि १७९५ साली हा मुलगा जहाजात बसला. १७९६ च्या आरंभी ते कलकत्त्याला उतरले तेव्हा त्यांना सतरावे वर्ष चालू होते. तुमच्यापैकी जे दहावीत आहेत त्यांच्यापेक्षा ते फार मोठे नव्हते.

त्यांची पहिली नेमणूक बनारसला झाली. त्या काळात हिंदुस्थानातील दरबारांचा पत्रव्यवहार फारसीत चाले. मराठे, निजाम, शीख, इंग्रज, सगळ्यांनाच फारसी लागे. एल्फिन्स्टन फारसी शिकले. आधी कामापुरती शिकले, मग आवडीने. हाफिजचे काव्य ते स्वतःच्या आनंदासाठी वाचू लागले. पुढे त्यांनी जे काही केले, चांगले किंवा वाईट, ते या भाषेच्या बळावर केले असे मला वाटते.

वकिलाचे काम किती धोक्याचे असते हे त्यांना बनारसलाच कळले. अवधचा पदच्युत नवाब वजीर अली तेव्हा तेथे राहत होता. कंपनीने त्याला गादीवरून काढले होते आणि आता बनारसहून दूर कलकत्त्याला हलवायचे ठरवले होते. १४ जानेवारी १७९९ रोजी तो आपली माणसे घेऊन कंपनीचे प्रतिनिधी चेरी यांच्या घरी न्याहारीला आला. तेथेच चेरी यांची हत्या झाली. आणखी काही इंग्रज मारले गेले. एल्फिन्स्टन घोड्यावर बसून कसेबसे निसटले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

त्यानंतर १८०१ साली त्यांची बदली पुण्याला झाली. पेशव्यांच्या दरबारातील रेसिडेंट बॅरी क्लोज यांचे ते मदतनीस झाले. पुण्यात तेव्हा मराठी सत्तेची घडी विस्कटली होती. यशवंतराव होळकरांनी १८०२ साली दुसऱ्या बाजीरावांचा पराभव केला. बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईचा तह केला. पेशव्यांनी इंग्रजांची फौज आपल्या राज्यात ठेवून घेतली. हे शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांना मानवले नाही. १८०३ साली युद्ध पेटले.

या युद्धात इंग्रजांचे सेनापती होते आर्थर वेलस्ली. पुढे नेपोलियनचा पराभव करणारे ते हेच. त्यांना फारसी जाणणारा माणूस हवा होता. एल्फिन्स्टन त्यांच्याबरोबर गेले. असई, अडगाव आणि मग गाविलगड, अशा तिन्ही ठिकाणी ते हजर होते. गाविलगडावर चढाई करणाऱ्या तुकडीबरोबर ते स्वतः वर गेले. खरे तर त्यांची नोकरी मुलकी होती, तलवारीची नव्हती. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ ला पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळ देवगाव येथे तह झाला. भोसल्यांच्या बाजूने बोलणी करणारे वकील होते यशवंतराव रामचंद्र.

देवगावचा तह आपण नीट समजून घेऊ. तह म्हणजे तुमचा ‘सुलहनामा’. या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत इंग्रजांना दिला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही सोडला. तो निजामाकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र थोड्या मुलखासह भोसल्यांकडे राहिले. आता तुम्ही बल्लारपूरहून राजुऱ्याला जाताना वर्धेचा पूल ओलांडता, तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्या. ही नदी पुढे दीर्घकाळ दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे नागपूर, पलीकडे हैदराबाद. नागपूरचे राज्य गेले, इंग्रज आले, तरी राजुरा निजामाच्याच राज्यात होता. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५९ साली राजुरा आपल्या जिल्ह्याला जोडला गेला. नदीच्या दोन काठांवरच्या गावांत सोयरीक होती, बाजार एक होता, पण राज्ये दोन होती.

याच तहात आणखी एक कलम होते. दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या दरबारी आपला वकील ठेवावा. वाचायला हे कलम अगदी साधे वाटते. मुलूख गेला याचे दुःख सर्वांना झाले असेल. वकिलाच्या कलमाकडे त्या दिवशी किती जणांचे लक्ष गेले असेल? पण नागपूरच्या राज्याचा पुढचा इतिहास घडला तो या कलमामुळे.

इंग्रजांचा वकील नागपुरात पहिल्यांदाच येत होता असे नाही. संस्कृतचे मोठे पंडित म्हणून नाव मिळवलेले कोलब्रुक १७९९ साली नागपूरला आले होते. भोसल्यांनी इंग्रजांशी फौजेचा करार करावा म्हणून त्यांनी खटपट केली. रघुजींनी दाद दिली नाही. १८०१ साली कोलब्रुक रिकाम्या हाताने परत गेले. तेव्हा वकिलाला परत पाठवणे राजाच्या हाती होते. देवगावच्या तहानंतर ते हाती राहिले नाही.

वेलस्ली यांनी या जागेसाठी एल्फिन्स्टन यांचे नाव सुचवले. १८०४ च्या आरंभी ते नागपूरचे रेसिडेंट झाले. वय अवघे चोवीस वर्षे. समोर होते रघुजी भोसले. ते वयाने आणि अनुभवाने कितीतरी मोठे, आणि नुकतेच हरलेले. दोघांच्या मनात काय काय असेल याची कल्पना तुम्हीच करा.

आता वकील दिवसभर करतो तरी काय? सकाळी पत्रे येत. राजाला लिहायचे पत्र मुनशीच्या हातून फारसीत जाई. रेशमी पिशवीत घातलेले असे पत्र म्हणजे खलिता. वरिष्ठांना लिहायचे पत्र इंग्रजीत. हरकारे बातम्या आणत. दरबारात कोण आले, कोणाला वस्त्रे मिळाली, कोणता सरदार रुसला, फौजेचा पगार किती महिने थकला, हे सर्व लिहिलेले कागद म्हणजे अखबार. आज तुम्ही वर्तमानपत्राला अखबार म्हणता. त्या वेळचा अखबार विकत मिळत नसे. तो गुपचूप लिहिला जाई आणि गुपचूप वाचला जाई. एल्फिन्स्टन यांनी नागपुरात बातम्या काढण्याची चांगली व्यवस्था बसवली. होळकरांचे इंग्रजांशी युद्ध चालू होते. रघुजी होळकरांना मिळतात की काय, अशी भीती कंपनीला होती. ते मिळाले नाहीत. पण त्यांच्या प्रत्येक हालचालीवर वकिलाचे डोळे होते. मित्र म्हणून आलेला माणूस यजमानाच्या घरातील गोष्टी टिपून ठेवतो, हे तुम्हांला कसेसेच वाटेल. मलाही वाटते. पण जगातील सर्व वकिलातींचे काम त्या काळी याच रीतीने चाले, आणि मराठ्यांचे वकीलही परक्या दरबारातून अशाच बातम्या पुण्याला व नागपूरला पाठवत.

एक भांडण मात्र फार दिवस चालले. तह होताना इंग्रजांनी ओडिशाकडील काही जमीनदारांशी वेगळे करार केले होते. ते जमीनदार कोण, याची यादी रघुजींना तहानंतर मिळाली. तीत संबळपूर आणि पाटणा हे भागही होते. आपण फसवले गेलो असे रघुजींना वाटले, आणि त्यात त्यांची चूक होती असे म्हणता येत नाही. ही यादी त्यांच्याकडून मान्य करून घेणे हे तरुण रेसिडेंटच्या वाट्याला आलेले काम होते. वरून हुकूम होता. त्यांनी तो बजावला. पुढे कंपनीचे धोरण बदलले आणि १८०६ साली संबळपूर व पाटणा भोसल्यांना परत मिळाले. इतके करूनही कंपनीची फौज आपल्या राज्यात ठेवण्यास रघुजी शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. वकील ठेवला, फौज ठेवली नाही. हा फरक लक्षात राहू द्या.

कामातून वेळ मिळे तेव्हा एल्फिन्स्टन वाचत. ग्रीक, लॅटिन, फारसी, इतिहास, काव्य. प्रवासातही पुस्तकांच्या पेट्या त्यांच्याबरोबर असत. घोड्यावर बसणे आणि शिकार हेही त्यांचे छंद होते. नागपुरातील ती वर्षे त्यांच्या दृष्टीने अभ्यासाची वर्षे ठरली.

१८०८ साली त्यांना एक वेगळी कामगिरी मिळाली. नेपोलियनची फौज इराणच्या वाटेने हिंदुस्थानावर येईल अशी इंग्रजांना धास्ती होती. म्हणून अफगाणिस्तानच्या बादशहाशी तह करायचा होता. त्या दरबारात इंग्रजांचा वकील तोपर्यंत कधीच गेला नव्हता. एल्फिन्स्टन १८०८ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून निघाले. बिकानेरचे वाळवंट, बहावलपूर, मुलतान, डेरा इस्माईल खान असा प्रवास करीत फेब्रुवारी १८०९ मध्ये पेशावरला पोहोचले. शाह शुजा तेव्हा तेथे होता. बादशहाच्या बाजूबंदात कोहिनूर हिरा होता, तो एल्फिन्स्टन यांनी पाहिला. तह झाला. परंतु तहाची शाई वाळते न वाळते तोच शाह शुजाचे राज्य गेले. तह कागदावरच राहिला. या प्रवासात जमवलेल्या माहितीवरून एल्फिन्स्टन यांनी काबूलच्या राज्याविषयी मोठा ग्रंथ लिहिला. तो १८१५ साली प्रसिद्ध झाला. पठाणांच्या टोळ्या, त्यांच्या चालीरीती, त्यांची भाषा यांची माहिती त्यात आहे. तीस वर्षांनी इंग्रजांनी अफगाणिस्तानावर स्वारी केली, तेव्हा म्हाताऱ्या एल्फिन्स्टन यांना ती पसंत नव्हती. ते लोक त्यांनी पाहिले होते. त्या स्वारीचा शेवट १८४२ साली सैन्याच्या संपूर्ण नाशात झाला.

आपण मागे येऊ. १८११ साली एल्फिन्स्टन पुण्याचे रेसिडेंट झाले. मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमावर त्यांची वकिलात होती. १८१५ च्या जुलै महिन्यात पंढरपुरात बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर आले होते. एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना दोषी धरले आणि त्यांना ताब्यात घेऊनच थांबले. त्र्यंबकजी ठाण्याच्या तुरुंगातून १८१६ साली निसटले. संशय वाढत गेला. १८१७ च्या जूनमध्ये पेशव्यांवर आणखी एक कडक तह लादला गेला. अखेर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. एल्फिन्स्टन संगमावरची वकिलात सोडून फौजेत गेले आणि त्यांच्या मागे ती जाळली गेली. त्यात त्यांची पुस्तके आणि कागदपत्रे होती. लढाई इंग्रजांनी जिंकली. पुस्तके परत आली नाहीत.

नागपुरात काय चालले होते? एल्फिन्स्टन यांच्या जागी रिचर्ड जेंकिन्स आले होते. १८१६ च्या मार्चमध्ये रघुजी वारले. त्यांचा मुलगा परसोजी दुबळा होता. कारभार आप्पासाहेबांच्या हाती आला. आप्पासाहेब हे रघुजींचे धाकटे भाऊ व्यंकोजी यांचे चिरंजीव. चांदा आणि छत्तीसगड व्यंकोजींच्या वाट्याचे होते, म्हणजे आप्पासाहेबांचे आणि आपल्या गावाचे जुने नाते. रघुजींनी बारा वर्षे जे टाळले ते आप्पासाहेबांनी दोन महिन्यांत मान्य केले. १८१६ च्या मे महिन्यात त्यांनी फौजेचा करार केला. मग पश्चात्ताप झाला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर रेसिडेंटच्या फौजेशी भोसल्यांच्या सैन्याची लढाई झाली. अरब शिपाई फार शौर्याने लढले. तरीही नागपूरचा पराभव झाला. १८१८ च्या मार्चमध्ये जेंकिन्स यांनी आप्पासाहेबांना कैद केले.

त्या वर्षी सगळ्यांची नजर चांद्यावर होती. पुण्याहून निघालेले बाजीराव फिरत फिरत वर्धेच्या दिशेने आले. चांद्याला पोहोचावे, भोसल्यांच्या माणसांना मिळावे, असा त्यांचा विचार होता. इंग्रजांच्या फौजांनी वाट अडवली. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ त्यांचा पराभव झाला. मग कर्नल अॅडम्स चांद्यावर आले. गोंड राजांनी बांधलेला आपला कोट तुम्ही रोज पाहता. जटपुरा दरवाजातून सायकलने शाळेला येणारे तुमच्यात कितीतरी असतील. या कोटाला इंग्रजी तोफांनी भगदाड पाडले आणि २० मे १८१८ रोजी चांदा पडला. बाजीराव ३ जूनला शरण गेले. आप्पासाहेब वाटेत पहाऱ्यातून निसटले, पण राज्य त्यांना पुन्हा मिळाले नाही.

देवगावला लिहिलेले ते साधे कलम आठवते का? पंधरा वर्षांपूर्वी एका चोवीस वर्षांच्या तरुणाने नागपुरात वकिलात उघडली होती. आता जेंकिन्स त्याच जागेवरून सगळे राज्य चालवू लागले. गादीवर लहान वयाचे तिसरे रघुजी होते आणि चांद्याला रेसिडेंटने नेमलेला इंग्रज अधिकारी होता. राजाचा पाहुणा राजाचा पालक झाला. हे एकट्या एल्फिन्स्टन यांनी केले असे म्हणणे बरोबर नाही. पण पाया घालणाऱ्यांत ते होते, आणि पुण्यात तर शेवटची वीटही त्यांनीच ठेवली.

पेशवाई गेल्यावर तिच्या मुलखाचा बंदोबस्त एल्फिन्स्टन यांच्याकडे आला. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना त्यांनी गादीवर बसवले. इनामे, वतने, देवस्थानांची उत्पन्ने शक्यतो चालू ठेवली. रीतिरिवाज एकदम मोडू नयेत असे त्यांचे मत होते. पण याच काळात पुण्यात एक कट उघडकीस आला, तेव्हा त्यांनी कटाच्या पुढाऱ्यांना तोफेच्या तोंडी दिले. हाफिज वाचणारा माणूस असा हुकूम देतो! इतिहासात अशी माणसे पुष्कळ भेटतात.

१८१९ ते १८२७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे हे काम सर्वांत जास्त टिकले. लोकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिकवावे, त्यासाठी मराठी आणि गुजराती पुस्तके छापावीत, असा त्यांनी आग्रह धरला. तेव्हा मराठी पाठ्यपुस्तके जवळजवळ नव्हतीच. शाळांसाठी पुस्तके तयार करणारी एक संस्था त्यांच्या पाठिंब्याने उभी राहिली. शिकलेले लोक एक दिवस आपले राज्य आपल्या हाती घेतील आणि इंग्रजांना परत जावे लागेल, हे ते जाणून होते. तरीही शिकवलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते. ते परत जाताना मुंबईच्या लोकांनी दोन लाख रुपयांहून अधिक वर्गणी जमवली. त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज झाले. दादाभाई नौरोजी तेथे शिकले आणि शिकवूही लागले. मदरशात उर्दू आणि फारसी शिकलेले बद्रुद्दीन तय्यबजी याच संस्थेत इंग्रजी शिकले. पुढे १८८७ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुंबईचे एल्फिन्स्टन रोड स्थानक मात्र यांच्या नावाचे नव्हते. ते त्यांच्या पुतण्याच्या नावाचे होते. तेही मुंबईचे गव्हर्नर होते. २०१८ पासून त्या स्थानकाचे नाव प्रभादेवी आहे.

मायदेशी गेल्यावर त्यांना हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरलपद देऊ केले गेले. त्यांनी ते घेतले नाही. त्यांनी लिहिण्यात वेळ घालवला. हिंदुस्थानचा इतिहास हा त्यांचा ग्रंथ १८४१ साली निघाला. सर सय्यद अहमद खान यांच्या सायंटिफिक सोसायटीने त्याचा उर्दू अनुवाद करवून घेतला. म्हणजे नागपूरचे हे जुने वकील तुमच्या भाषेतही येऊन पोहोचले.

नागपूरचे तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. दत्तक मंजूर न करता कंपनीने १८५४ साली राज्य खालसा केले. रेसिडेंटचे पद संपले. शेवटचे रेसिडेंट मॅन्सेल हेच नागपूरचे पहिले कमिशनर झाले आणि चांदा इंग्रजी जिल्हा झाला. चार वर्षांनी बाबूराव शेडमाके यांनी आपल्या जंगलात इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी देण्यात आले. त्यानंतर वर्षभराने, २० नोव्हेंबर १८५९ रोजी, एल्फिन्स्टन इंग्लंडमधील सरे परगण्यात आपल्या घरी वारले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. त्यांनी लग्न केले नव्हते.